उरलेली हिरवी वायर

मी काहीही जोडायला घेतलं की शेवटी माझ्याकडे काहीतरी उरतं. पंखा जोडला तेव्हा दोन वायसर उरले. लोखंडी कपाट जोडलं तेव्हा एक लांब स्क्रू उरला. आणि विजेची शेगडी जोडली तेव्हा एक हिरवी वायर उरली. वायसर मी खिळ्यांच्या डब्यात टाकले होते, स्क्रूवर आरसा टांगला होता. वायरचं काय करावं ते सुचेना, म्हणून ती कात्रीने कापली, टोकाला काळी टेप गुंडाळली आणि बायकोला म्हटलं, झालं काम.

मुळात त्या वर्षांत भिवंडीत राहून विजेची शेगडी घेणारा माणूस किती शहाणा, हा प्रश्न बायकोने विचारला नाही, एवढे तिचे उपकार. दिवसातले कितीतरी तास भारनियमन असायचं. वीज गेली हे आम्हाला दिव्यावरून कळायचं नाही, कानांवरून कळायचं. नारपोलीत आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड. तिचा खटखटाट थांबला की घरातलं माणूस बोलता बोलता गप्प व्हायचं, कारण आपण इतका वेळ ओरडत होतो हे त्याला तेव्हाच ऐकू यायचं.

तरी शेगडी घेतली ती गॅसपायी. सिलिंडरचा नंबर लावला की तो कधी येईल हे देणाऱ्यालाही ठाऊक नसायचं, आणि रॉकेलच्या स्टोव्हने आईला खोकला यायचा. एका संध्याकाळी ड्युटीवरून येताना धामणकर नाक्यावर रिक्षा अडकली. अडकली म्हणजे इतकी अडकली, की समोरच्या दुकानातली दोन चुलींची शेगडी मला बसल्या जागेवरून नीट बघता आली, उतरून तिचा भाव करता आला, ती घेता आली, आणि परत येऊन त्याच रिक्षात त्याच जागी बसता आलं.

शेगडीची पिन जाड, तीन पायांची. आमच्या स्वयंपाकघरातलं सॉकेट मिक्सरपुरतं, दोन भोकांचं. दुकानदाराने बजावलं होतं, की वायरमनकडून वेगळी लाइन घ्या आणि अर्थिंग करून घ्या. पण दुकानदार असं सगळ्यांनाच सांगतात, आणि वायरमन बोलावला की येत नाही, हा माझा जन्माचा अनुभव. मी ती जाड पिन कापली आणि जुन्या टेबलफॅनची दोन पायांची पिन लावली. दोन पाय, दोन वायरी. हिशोब बरोबर होता. तिसरी वायर शेगडीवाल्यांनी जास्तीची दिली असणार, असं मी धरून चाललो.

उद्घाटनाला दूध ठेवलं. बटण कुठवर फिरवलं की आच किती, हे मी बायकोला आणि आईला समजावून सांगत होतो. दोघी माझ्याकडे न बघता पातेल्याकडे बघत होत्या. मला वाटलं, कौतुकाने बघताहेत. दूध उतू गेलं, शेगडीच्या कडेने आत उतरलं आणि जळका वास घरभर झाला. आई म्हणाली, नव्या चुलीवर दूध उतू जाणं चांगलं असतं. मला ते पटलं. माझ्या हातून चुकून काही चांगलं झालं की मला लगेच पटतं.

आठवडाभर ठीक चाललं. मग एका संध्याकाळी मी जेवायला बसलो असताना बायको म्हणाली, "ही शेगडी चावते."

मी विचारलं, चावते म्हणजे काय. ती म्हणाली, चावते म्हणजे चावते, हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या येतात. मी हात धुतला, आत गेलो, शेगडी चालू केली आणि तिच्या पत्र्यावर चांगला तळवा ठेवला. काही नाही. मागून, पुढून, बटणावर, सगळीकडे हात फिरवला. काही नाही. मग दिवाळीला कुठल्याशा दुकानाने भेट दिलेला टेस्टर आणला. तो लावला, त्याचा दिवा लागला नाही. तो दिवा आजवर कधीच लागला नव्हता, पण त्या वेळी मी तो पुरावा म्हणून धरला.

बायकोला म्हटलं, तुझे हात ओले असतील. ती म्हणाली, स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हात ओलेच असतात.

पुढचे काही दिवस हाच कार्यक्रम. मी सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात, आमच्याकडे ज्याला सायझिंग म्हणतात तिथे, सुपरवायझर होतो. तिथली जमीन कायम चिकट, म्हणून बूट आणि जाड नायलॉनचे मोजे. घरी आलो की बूट दाराशी काढायचो, पंख्याखाली घाम वाळवत बसायचो, आणि मोजे काढायलाही वाकवत नाही म्हणून तसाच आत जाऊन शेगडीला हात लावून बघायचो. रोज बघायचो, याची मला आत कुठेतरी शाबासकीही वाटायची. आईने एकदा बाहेरच्या खोलीतून विचारलं, "ती म्हंते चावतं, तू म्हंतो न्हाय चावत. मंग ती काय गंमत म्हनून हात झटकते?" मी म्हटलं, मनाचे खेळ असतात. आई म्हणाली, मन कोपरात कधीपासून राहायला लागलं. मी जाऊन आडवा झालो. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला आईशी वाद घालायचा नसतो, निजायचं असतं.

मग एक दिवस आलो तर बायको मला जरा उंच वाटली. नीट पाहिलं तर ती ओट्यासमोर लाकडी पाटावर उभी होती. जेवायला बसायचा तो आमचा जुना पाट, आडवा टाकलेला, आणि त्यावर उभी राहून ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, पुन्हा लग्नाला उभी राहतेस की काय. कोरड्या फडक्यात तव्याचा कान धरून तिने तवा सरकवला आणि भाकरी उलटली. आमच्या घरात स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत. ओट्याच्याच भिंतीवर देव्हारा आहे, आणि आईच्या सासूपासून तो नियम आहे. चप्पल नाही तर पाट, हा तोडगा तिचा तिने काढला होता. मला फक्त एवढंच दिसलं, की ओटा तिला आता नीट उंचीवर येतो. तेवढं मी बोलूनही दाखवलं.

शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद, सायझिंग बंद. त्या शुक्रवारी मी आंघोळ करून, पाय न पुसता, दुसरा चहा मिळतोय का ते बघायला आत गेलो. बायको मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. शेगडीवर पातेलं होतं, ते जरा सरकवायला गेलो.

दंडापर्यंत कुणीतरी सुई ओढत नेल्यासारखं झालं. मी मागे उडालो, पातेल्यातला डाव खाली पडला, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला थोड्या वेळाने कळलं. शेड बंद असल्यामुळे तो आवाज शेजारपाजारी व्यवस्थित पोचला. बायको ओली साडी हातात घेऊन दाराशी आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली माझ्या पायांकडे.

"आज मोजे नाहीत वाटतं," ती म्हणाली, आणि परत कपडे वाळत घालायला गेली.

वायरमनला तीनदा निरोप धाडले तेव्हा तो आला. मागच्या शेडची कामं तोच बघायचा. बोलका माणूस, अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि सतत दुसरीकडे जायच्या घाईत. त्याने शेगडी उलटी केली, माझी काळी टेप सोडवली आणि तिच्यातून हिरव्या वायरीचं थोटूक निघालं तेव्हा मला म्हणाला, "सेठ, ये किसने काटा?" मी म्हटलं, आधीपासून तसंच होतं. बायको तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही, हेही मी उपकारांत धरतो.

त्याने समजावलं, की ही हिरवी वायर म्हणजे करंटची पळवाट. शेगडीच्या पत्र्यात करंट उतरला तर तो या वायरीने जमिनीत जातो. वायर नसेल तर तो वाट बघत बसतो, कुणीतरी अनवाणी येईपर्यंत. हे ऐकून मी मान डोलावली. मग त्याने थोटकाला नवी वायर जोडली, भिंतीतून पलीकडे मोरीत नेली आणि नळाच्या पाइपाला गुंडाळून टाकली. मी विचारलं, नळाला चालतं का. तो म्हणाला, "अर्धी भिवंडी नल पे चलती है." मग आमच्याच पाटावर उभा राहून त्याने शेगडीला उलटा हात लावला, म्हणाला, देखो, कुछ नहीं. तेवढ्यात शेडचा खटखटाट थांबला, वीज गेली, आणि तोही गेला. जाताना बायकोला सांगून गेला, की भाभी, चप्पल घालून स्वयंपाक करत जा. आईने बाहेरून त्याला सांगितलं, की देवाच्या पुढ्यात चपला घालायच्या तर तुझ्या घरी घाल.

बायको पाटाकडे बघत होती. मला म्हणाली, तो पण पाटावरच उभा होता. मी म्हटलं, त्याला कळत असेल. मला खरंच फार कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर जायच्या तयारीत होतो. शेगडीवर भात होता. आई मोरीत तांब्या भरायला गेली. तांब्या फरशीवर आपटल्याचा आवाज त्या लूमच्या गोंगाटातही आला. मी धावलो. आई मोरीच्या कोपऱ्यात बसली होती, एक हात अजून नळाकडे वर, तोंड उघडं.

"हात लावू नका त्यांना," बायको मागून ओरडली.

मी तसाच थांबलो, दोन्ही हात पुढे करून. ती माझ्या शेजारून बाहेरच्या खोलीत पळाली आणि मीटरजवळचं मेन स्विच तिने खाली ओढलं. पंखा मंद होत गेला. मग ती आली, आईला तिने काखेत हात घालून उठवलं. आईला लागलं काही नव्हतं. पण ती उजवा हात सारखा डाव्या हाताने झाकत होती, जणू कुणी बघितलं तर तिची लाज जाईल. म्हणाली, "नळाला इंचू कसा लागला गं?" मला विचारलं नाही. बायकोला विचारलं.

आईला निजवून बायको बाहेर आली. मी ड्युटीचा डबा हातात घेऊन उभाच होतो.

"आईंना काही झालं असतं," ती म्हणाली, "तर शेगडी चावते हे मी नंतर कुणाला सांगत बसले असते?"

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मीही चढवला असता, आणि सोपं गेलं असतं. मी त्या दिवशी ड्युटीला गेलो नाही. वायरमनच्या घरी गेलो आणि त्याला रिक्षात घालून आणला.

नळाला करंट का आला, हे त्याला कळेना. मोरीपासून पाइपावर हात ठेवत ठेवत तो अंगणातून बाहेरच्या भिंतीपर्यंत गेला. तिथे पाइपाचा हातभर तुकडा पांढरा होता, प्लास्टिकचा. तो बघितला आणि मला आठवलं. मागच्या साली लोखंडी पाइप तिथे गंजला होता, म्हणून मीच उभा राहून तो तुकडा बदलून घेतला होता. आता गंजायची कटकट मिटली म्हणून दोघाचौघांना दाखवलाही होता. आता शेगडीतला करंट नळापर्यंत यायचा आणि पुढे त्या पांढऱ्या तुकड्याशी अडायचा. जमिनीत जायला वाट नव्हती. आणि आई अनवाणी.

वायरमनने मला बघितलं, मी त्याला बघितलं.

आता अर्थिंगचा स्वतःचा खड्डा खणायचं ठरलं. तोपर्यंत मेन चालू केलं तरी शेगडीला कुणी हात लावायचा नाही, असं बायकोने सांगितलं, पिन काढून तिने स्वतःच्या कपाटात ठेवली आणि रॉकेलचा स्टोव्ह पेटवला. आई तोंडाला पदर लावून खोकत होती.

खड्ड्यात तांब्याचा पत्रा पुरायचा, त्याला जाड वायर, आणि भोवती कोळसा आणि मिठाचे थर. जागा अशी हवी की जिथली माती कायम ओली राहते. वायरमनने अंगणात नजर फिरवली आणि तुळशीकडे बोट केलं. रोज पाणी पडतं, याहून चांगली जागा नाही. आई खाटेवरून उठून दारात आली. तुळशीच्या मुळात मीठ घालणार का, असं तिने विचारलं. वायरमन म्हणाला, दुसरीकडे कोरडी जमीन आहे, उन्हाळ्यात तिथे रोज बादलीभर पाणी घालावं लागेल, कोण घालणार. मी घालीन, असं मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग ती अंगण ओलांडून मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे गेली. अळूची दोन पानं होती तिथे. "हितं कधी कोरडं नसतं," ती म्हणाली. "आंघोळी, भांडी, कपडे. कुणी लक्षात ठेवायला नको." वायरमनने पायाने माती दाबून बघितली, भिंतीपासून जरा लांब एक रेघ मारली आणि म्हणाला, ठीक है.

मीठ आणि कोळसा आणायचं काम माझ्याकडे आलं. वाण्याकडे खडेमिठाचं पोतं मागितलं तेव्हा त्याने विचारलं, लोणचं इतकं? कैऱ्या अजून बाजारात आल्या नव्हत्या. अर्थिंगला, म्हटलं. त्याने दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना ते पुन्हा सांगितलं. कोळसा इस्त्रीवाल्याकडून घेतला. त्यालाही वाटलं, मी धंदा बदलतोय.

पुढच्या शुक्रवारी खणलं. वायरमन खणत नाही, तो सांगतो. मी आणि बायकोने आळीपाळीने खणलं, म्हणजे मी थोडं खणून कंबर धरायचो आणि ती खूप खणायची. छातीइतकं खोल गेल्यावर काळी, चिकट माती लागली. पत्रा बसवला, थर टाकले. बुजवताना आईने पदराखालून हळदकुंकू काढून वरून टाकलं. वायरमनने विचारलं, माँजी, याने पण करंट जातो का. आई म्हणाली, "जातो का न्हाय ते तू बघ. मी माझं काम केलं."

मग मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत जाड वायर, तीन भोकांचं मोठं सॉकेट, त्याला वेगळं स्विच. करंट कुठे गळत असेल तर आपोआप पडणारं एक स्विच मिळतं, असं वायरमन बोलून गेला, पण इथे शेडवालेही ते लावत नाहीत, म्हणाला. बायको म्हणाली, लावा. मी मध्ये काही बोलायला गेलो तर म्हणाली, लावा.

सगळं जोडून झालं तर वीज नाही. चौघं अंगणात बसून राहिलो. घामाने अंग चिकट झालं होतं आणि माझ्या हाताला फोड आले होते. जगात आपण एकच शेगडी लावायला निघालो आणि आपलं सगळं घर उकरावं लागलं, असा काहीतरी विचार मी करत होतो. अखेर पलीकडच्या गल्लीत कुणीतरी टीव्ही लागल्याचा ओरडा केला. वायरमनने ते पडणारं स्विच तात्पुरतं बाजूला ठेवून मोठ्या बल्बची एक वायर करंटला आणि दुसरी खड्ड्याच्या वायरीला धरली. बल्ब लख्ख लागला. आई पुढे येऊन बघून गेली. मातीत वीज जाते हे तिला त्या दिवशी पटलं, मलाही त्याच दिवशी.

मग ते स्विच जोडलं, शेगडीला जाड पिन लावली, तिसऱ्या पायाला हिरवी वायर, आणि बटण फिरवलं. टक् करून स्विच पडलं. पुन्हा वर केलं, पुन्हा पडलं. मला वाटलं, नवीन आहे, खराब असेल. बायको म्हणाली, ते खराब नाही, ते माझंच म्हणणं सांगतंय.

वायरमनने शेगडी खोलली. तारेच्या वेटोळ्याखाली जळून काळं झालेलं, खरवडून निघणार नाही असं दूध थापलेलं होतं. पहिल्या दिवशी उतू गेलेलं तेच दूध, आणि त्याच वाटेने करंट पत्र्यात उतरत होता. आई शुभाशुभाबद्दल काही बोलली नाही. मी तर नाहीच बोललो. शेगडी काखेत मारून धामणकर नाक्यावर गेलो, आतली प्लेट बदलून आणली, आणि दुकानदाराने विचारलं की अर्थिंग केलंत का, तेव्हा सांगितलं की हो, लगेचच.

नवी प्लेट टाकल्यावर स्विच पडलं नाही. बायकोने पाट बाजूला केला, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि शेगडीला बोटांची मागची बाजू लावली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग पूर्ण हात ठेवला. मग चहाचं आधण चढवलं. पाट तिने धुऊन भिंतीला उभा केला. त्या संध्याकाळी आई त्यावर बसून जेवली.

दोन-तीन महिन्यांनी, गॅस वेळेवर यायला लागल्यावर, शेगडी महिन्यातून कधीतरीच लागायची, आणि एरवी तिच्या सॉकेटवर नवा फ्रिज चालायचा. एका संध्याकाळी मी ड्युटीवरून येऊन पंख्याखाली पडलो होतो. पाय भरून आले होते. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, हा फ्रिज पण चावायला लागला बघा."

मी उठलो. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसलो आणि मोजे काढायला लागलो. एक निघाला, दुसरा घामाने घोट्याला चिकटला होता, तो ओढत होतो. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "काही चावत नाही. बघत होते, उठता का ते."